सायेबानं पाखरायचं झाड पाह्यलं

त्या दिवशी येनाच्या बनात कोन कोन होते ते पहिले सांगतो, म्हंजे मागून कोनी म्हनाले नको का बुढी मनचं सांगते. माहा बाप सोमा होता. बापाचा धाकटा भाऊ डोमाकाका होता. चांद्याकडून आलेला सायेब होता. त्याचं नाव मले तवाही माहीत नव्हतं अन् आताही नाई. त्याच्यासंगं हपिसातला एक बाबू होता, त्याले सारे बाबूच म्हनत. नाल्याच्या अलीकडं, बनात पाय न टाकता, माही माय भागरता उभी होती. अन् मी होती, गिरजा, डोक्यावर पेजेचं गाडगं घेऊन. एवढेच. त्यातली आज मी एकटी जित्ती हाय, म्हून मलेच सांगाव लागते. मी दुसरीपर्यंत शिकली, हात आता कापते, तं नात सोनाली लिहून राह्यली अन् मी बोलून राह्यली.

आमी ढिवर लोक. तळ्यात, नदीत जाळं टाकाचं, मासोळ्या विकाच्या, धानाच्या दिवसात लोकायच्या बांधीत रोवनं कराचं, हेच आमचं. पन पावसाळा सरत आला का माहा बाप जाळं खुंटीले अडकवे अन् कोस्याच्या, म्हंजे जंगलातल्या रेशमाच्या, मागं लागे. येन म्हंजे ज्याच्या सालीवर मगरीच्या पाठीसारख्या भेगा असते ते झाड. त्याचा पाला कोस्याच्या अळ्या खातेत. पानाच्या द्रोनात अंडे ठेवून ते द्रोन फांदीले बांधाचे, त्यातून बारक्या बारक्या अळ्या निंघाच्या, अन् मंग दीड महिना त्यायले जपाचं. मुंगी, गांधील, कावळा, खार, साऱ्यापासून. एका झाडाचा पाला सरला का फांदी तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन लावाची. बाप एका हातात गुलेल अन् दुसऱ्या हातात फुटका डबा घेऊन दिवसभर डब्बडब्ब करत फिरे. दुपारी वारा पडला का अळ्यायचा पाला खावाचा आवाज याचा, सुपात तांदूळ हळूहळू सरकवल्यासारखा. तो आवाज ज्यानं आयकला त्याले दुसरं काही सांगाव लागत नाई.

अन् त्या दीड महिन्याचं पाळनूक मोठं कडक. बाप बनातल्या झोपडीतच राहे, नाला पार करून गावात येत नसे. दाढी नाई, डोक्याले तेल नाई, मासोळी नाई, फोडनी नाई, मीठसुद्धा नाई. आमी ढिवर, मासोळीशिवाय आमच्या तोंडात घास फिरत नाई, अन् तो मानूस अळनी भात अन् अळनी लाखोळीची डाळ खाऊन राहे. वास्त्याचे दिवस असले का माय बांबूचे कोवळे कोंब उकडून देई, तेही अळनीच. बाईमानसानं बनात जाचं नाई, म्हून माय नाल्यावर थांबे अन् मी लहान होती तं डबा घेऊन मी पार जाई. अळ्यायले किडे म्हनाचं नाई, लेकरं म्हनाचं. अन् साऱ्यात मोठं म्हंजे येनाखाली वंगाळ शब्द बोलाचा नाई. कोनाची निंदा नाई, शिवी नाई, थट्टासुद्धा हळूच. डोमाकाका मोठा तोंडाळ, त्याले बापुड्याले शिवी आली का तो धावत नाल्यावर याचा, देऊन घ्याचा अन् परत जाचा. माय हासे. "आला माहा दीर पोट हलकं कराले," असं सोताशीच म्हने.

अजून एक गोष्ट होती, तेच साऱ्याचं मूळ. बनाच्या अगदी काठावरचं, वाटेच्या बाजूचं पहिलं झाड आमी राखत नसो. ते पाखरायचं झाड. उरलेल्या सुरलेल्या, नरम अळ्या त्यावर सोडाच्या अन् तिकडं डबा वाजवाचा नाई. पाखरानं तिथी खावं अन् अंदर येऊ नाई. माह्या आज्याच्या पहिलेपासूनची रीत. पाखरालेही पोट हाय, बाप म्हने, त्याचं त्याले देऊन टाकलं का तो चोर होत नाई.

त्या साली गावात बोलवा होती का एक ठेकेदार येनाचं लाकूड मांगून राह्यला. बन सरकारचं, झाडं सरकारचे, आमाले दरसाल हपिसातून एक चिट्ठी भेटे तेवढ्यावरच आमचं. पन त्या झाडायले छाटून छाटून कोस्याजोगं केलं माह्या आज्यानं अन् बापानं. मोकळं सोडलं तं येन आभाळात जाते, मंग त्याच्या शेंड्यावरच्या अळीले कोन राखते? हाताले येईल असं झाड कराले मानसाचं अर्धं आयुष्य जाते. सायेब येऊन पाहीन, तो जे लिहीन तसं होईन, असा निरोप आला. कोसा चांगला हाय म्हने तं बन आमचं, नाई म्हने तं कुऱ्हाड. एवढं एका मानसाच्या तोंडावर होतं.

तो आला दसऱ्यानंतर. डोक्यावर टोप, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात बेताची छडी. कोनी म्हनाले नको का गोरा होता. गोरे कवाचे गेले होते. हा आपल्यासारखाच सावळा, आपल्याच देशाचा मानूस. बाप हात जोडून समोर आला, दाढी वाढलेली, छातीच्या फासळ्या मोजून घ्या. बाबूले म्हने, "बाबू, सायेबाले म्हना, बूट तेवढे इथी काढा अन् अंदर चला. अंदर लेकरं पाहासारखे हायेत." बाबूनं सायेबाकडं पाह्यलं, सायेबानं बुटाकडं पाह्यलं, अन् तिथीच काठावर उभा राह्यला. म्हंजे पाखरायच्या झाडाखाली. त्या झाडाचा पाला चाळनी झालता, दोनचार अळ्या काळ्या पडून लोंबकळून राह्यल्या होत्या, जे कोसे होते ते भुईमुगाच्या फोलावानी पातळ. त्यानं छडीनं एक कोसा हालवला अन् बाबूले इंग्रजीत म्हने, "नथिंग टू राइट होम अबाउट."

बापानं बाबूकडं पाह्यलं. बाबूनं घसा खाकरला. "सोमा, सायेब म्हनते असा कोसा बाप जलमात पाह्यला नाई. घरी चिट्ठीत लिहीन म्हनते."

बापाच्या तोंडावर जो उजेड आला तो मले आजही दिसते. मंग सायेबानं बापाकडं छडी केली, वरून खालपर्यंत पाह्यलं अन् म्हने, "नॉट वर्थ हिज सॉल्ट." बाबू म्हने, "सायेब म्हनते, सोमा मिठाले जागनारा मानूस हाय." जाता जाता तिसरं काही म्हनला, त्यातला शेवटचा शब्द कँडल होता, बाकी माह्या ध्यानात राह्यलं नाई. बाबू म्हने, "तुमच्या घरी दिवा जळत राहो म्हनते."

बापानं मंग अंदर चला म्हनून जोर केला नाई. काऊन करीन? डोमाकाका त्याच्या कानात म्हने, "दादा, पाखरायच्याच झाडाची एवढी तारीफ! अंदर नेलं तं बेसुध पडन ना गा!" दोघंही तोंडावर हात ठेवून हासले. त्यायले सपनातही आलं नाई का येनाखाली उभा राहून कोनी वंगाळ बोलत असन. आमच्या जंगलात असं कोनी करतच नव्हतं, तं मनात येईन कसं? बापानं झोपडीतला मधाचा शिसा आनून बाबूच्या हातात देल्ला. नाल्यावर माय उभी होती, तिनं सायेबाच्या बुटाले हात लावून नमस्कार केला. हे मी लिहून घेवाले लावून राह्यली, हे खोडू नको सोनाली. माह्या मायनं त्याच्या बुटाले हात लावला.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या गावात सायेबाचे बोल चालू होते. मले गळा होता, आयकलं ते तसंच्या तसं म्हनता येई. मी म्हनून दाखवाची अन् बाया हासत हासत पाठ कराच्या. कोनाच्या जाळ्यात मोठी मरळ मासोळी सापडली का, "नथिंग टू राइट होम अबाउट!" कोनाच्या घरी भात मोकळा झाला का तेच. डोमाकाकाच्या बायकोनं तं नव्या लेकराची दीठ काढताना म्हटलं. आज ते आठवलं का माह्या कानाच्या पाळ्या गरम होतेत. आमच्याच तोंडानं आमी आमच्या लेकराले नाव ठेवून राह्यलो होतो, अन् हासून राह्यलो होतो.

बाजाराच्या गावी एक मास्तर होते. पायानं अधू, बायको मेलेली, सोताच्या हातानं रांधून खात. दर बाजारी आमच्यापाशी सव्वा पाव मासोळ्या घेत. त्या दिवशी माय तराजू धरून होती. मी म्हटलं, "मास्तरजी, मले इंग्रजी येते." ते म्हने, "वा! बोल मंग." मी दोनही म्हटले, एकदम सायेबासारखे, छडी धरल्यासारखा हात करून.

मास्तरची थैली तशीच उघडी राह्यली. "हे कोनं म्हटलं पोरी?"

"सायेबानं. आमच्या कोस्याले अन् बाबाले. तारीफ केली."

मास्तर मायकडं पाहून राह्यले. मंग पाटीवर बसले, मासोळ्याच्या उपड्या पाटीवर, धोतर ओलं होईन याचंही भान नाई. "बाई," म्हने, "हे तारीफ नोहे." अन् त्यायनं सांगतलं. पहिल्याचा अर्थ का घरी चिट्ठीत लिहावं असं यात काहीच नाई, फालतू माल हाय. दुसऱ्याचा अर्थ का हा मानूस खाल्लेल्या मिठाच्याही किमतीचा नाई. तिसरं मी कँडल म्हनली तं ते म्हने, "मेनबत्ती जाळाचाही खर्च परवडत नाई, असं म्हटलं असन."

मायनं तराजू खाली ठेवला. मंग म्हने, "मीठ? मास्तर, दीड महिना होत आला, त्या मानसानं मिठाचा खडा जिभेवर ठेवला नाई. अन् हा मिठाचा हिसाब करते?"

मास्तर म्हने, "बाई, इंग्रजीत अशी शेकड्यानं बोली हाय. नाव ठेवाचं, पन गोड गोड, हासत हासत. समोरच्याले लागलं पाहिजे, पन रडता नाई आलं पाहिजे."

"अन् समोरच्याले समजलंच नाई तं?"

"तं मंग त्याहून सोयीचं," मास्तर म्हने.

त्या दिवशी आमी अर्ध्या मासोळ्या परत घेऊन आलो. माय घरी गेलीच नाई, थेट नाल्यावर गेली अन् पलीकडं हाक मारली. बाप आला, डबा हातातच. तिनं नाल्याच्या इकडून सांगतलं, त्यानं तिकडून आयकलं. मधात पानी खळखळ करे म्हून तिले मोठ्यानं बोलाव लागे, अन् वंगाळ गोष्ट मोठ्यानं बोलाची म्हून ती अजूनच चिडे.

"नाई," बाप म्हने. "येनाखाली कोनी असं बोलते का? जीभ झडन."

"त्याची नाई झडली! पाह्यली मी, जशीच्या तशी होती!"

"बाबू आपला मानूस हाय. तो काऊन खोटं सांगन?"

"तुहा मध खाऊन!"

बापानं मागं वळून बनाच्या काठाकडं पाह्यलं. त्याचं डोकं दुसरीकडं गेलं होतं, मले दिसून राह्यलं होतं. मंग हळूच म्हने, "अवो, त्यानं पाखरायचं झाड पाह्यलं. तेवढंच पाह्यलं त्यानं. मी तवाच सांगतलं असतं ना." त्याले बनातून निंघता येत नव्हतं. नाला पार केला का पाळनूक मोडलं, अन् अंदर हजारो लेकरं कोसा बांधून राह्यले होते. तो परत गेला अन् अंदरच्या झाडाची एक डहाळी तोडून आला. त्यावर पाच कोसे, कोंबडीच्या अंड्याएवढे, देठासकट, टनक. पहिली तोड नवस फेडल्यावरच कराची असते, त्या दिवशी त्यानं न फेडताच केली. त्यानं ती डहाळी इकडं फेकली. "तू जाय. भांडू नको. एवढंच सांग का ते पाखरायचं झाड होतं."

दुसऱ्या दिवशी आमी कोंबडा आरवल्यावर निंघालो ते दुपारी हपिसात पोचलो. सायेब ओसरीवर खुर्चीत, बाजूले बाबू. आमाले पाहून बाबूचं तोंड उतरलं. मायनं पदरातली डहाळी काढून खाली ठेवली अन् सारं सांगतलं. पाळनूक सांगतलं, पाखरायचं झाड सांगतलं, आज्यापासूनची छाटनी सांगतली. बाबूनं सायेबाकडं वळून इंग्रजीत चार शब्द म्हटले. चारच. माय म्हने, "मी एवढं बोलली अन् तुहं एवढ्यात सरलं?" बाबू म्हने, "बाई, इंग्रजी आखूड असते."

तवा माय मले म्हने, "गिरजे, म्हन."

 मी सायेबाकडं पाहून म्हटलं, त्याच्याच आवाजात. नथिंग टू राइट होम अबाउट. नॉट वर्थ हिज सॉल्ट.

सायेब खुर्चीतून पुढं झुकला. अन् तो बोलला, स्वच्छ मराठीत, पुस्तकातल्यासारख्या. "हे तुला कोणी शिकवलं, मुली?"

मायनं असं पाह्यलं जसं काही झाड बोललं. "तुमाले मराठी येते?"

"येते की. मी मराठीच आहे."

मी आज ऐंशीच्या वर गेली. मानसं मेलेले पाह्यले, लेकरू गेलेलं पाह्यलं, उपास काढले, त्या साऱ्याले मी कवाच माफ केलं. पन हे नाई. त्याले मराठी येत होती! माहा बाप हात जोडून त्याच्या समोर दोन हातावर उभा होता, अन् त्यानं मधात एक बाबू उभा केला, अन् इंग्रजीची भित उभी केली, अन् भितीच्या तिकडून थुकला.

मायचा आवाज चढला नाई. ती म्हने, "मंग सायेब, आमच्या तोंडावर काऊन नाई बोलले? म्हनाचं होतं ना, का हा कोसा फालतू हाय. माह्या मालकानं एका बोलात सांगतलं असतं, का हे पाखरायचं झाड हाय, अंदर चला."

"त्यात काही वाईट हेतू नव्हता," सायेब म्हने. "ती बोलण्याची एक पद्धत असते."

"पद्धत आमच्यातही हाय. ज्याले नाव ठेवाचं त्याले समजल असं ठेवाचं, म्हंजे त्याले जबाब देता येते. तुमाले वाईट बोलाचा हक्क हाय, आमाले जबाब देवाचा नाई?"

सायेबानं डहाळी उचलली. एक कोसा बोटानं दाबून पाह्यला, कानापाशी नेऊन हालवला. "चांगला आहे," म्हने. चांगलं म्हनाची येळ आली तवा त्याले मराठी सापडली. मंग त्यानं डहाळी टेबलावर ठेवली अन् म्हने, "पण मी कागद वर पाठवला आहे. परवाच गेला. आता माझ्या हातात काही नाही."

बाबू आमच्या मागं फाटकापर्यंत आला. "भागरताबाई, मी तुमच्या भल्यासाठीच केलं वो. खरं सांगतलं असतं तं सोमा दोन दिवस जेवला नसता."

माय म्हने, "दोन दिवस नसता जेवला, बाबू. तिसऱ्या दिवशी तं जेवला असता."

उन्हाळ्यात बन तुटलं. बाप त्या दिवसात तळ्याच्या पाळीवर बसून जाळं विने अन् कुऱ्हाडीचा आवाज आला का सूत दातात धरून थांबे, आवाज सरला का पुढं विने. मी एकदा म्हटलं, "बाबा, तुमी सायेबाले एक तरी शिवी द्या ना. आता तं येनही नाई राह्यले." तो म्हने, "तो समोर नाई ना पोरी. पाठीमागं काय देवाची?" मरेपर्यंत नाई देल्ली. त्याचं मन मोठं होतं, माहं नाई. मी देल्ल्या हायेत, चुलीसमोर बसून, मोप.

आता माह्या घरातच इंग्रजी हाय. नातवंडं फोनवर बोलतेत, हासतेत, मधात माह्याकडं पाहतेत. सोनाली म्हनते, "आजी, तुह्याबद्दल नाई वो." नसनही. पन मी बोट दाखवून विचारतो, "काय म्हटलं ते सांग," अन् सांगेपर्यंत सोडत नाई. त्यायले वाटते बुढीले चौकशीची सवय हाय. परवा नातसून कोन्या साडीले काही म्हनली, मी अर्थ विचारला, ती लाजली. मी म्हटलं, "साडीले चालते, साडी जबाब देत नाई."

हे जो कोनी वाचून राह्यला त्याले माही एकच विनंती हाय. तुमाले आमची वस्तू आवडली नाई, आमचं काम आवडलं नाई, आमी आवडलो नाई, तं म्हना. खुशाल वाईट म्हना. पन आमाले समजल अशा बोलीत म्हना, अन् म्हटल्यावर घडीभर उभे राहा, आमचं आयकाले.